चामड्याचा चेंडू आणि कॉलेजातील मुलगा

भुसावळ म्हटले की आगगाड्यांचे जंक्शन, वैशाखातील होरपळ आणि केळीच्या बागा एवढेच बहुतेकांच्या डोळ्यांपुढे येते. कॉलेजातील फुटबॉलशी या गावाचा संबंध काय, अशी शंका वाचकांस आल्यास नवल नाही. परंतु विसाव्या शतकाच्या आरंभी सबंध खानदेशात एकही कॉलेज नव्हते. जळगावचे मूळजी जेठा कॉलेज व अमळनेरचे प्रताप कॉलेज १९४५ च्या सुमारास निघाले. भुसावळास स्वतःचे कॉलेज त्याहूनही उशिरा लाभले. तोवर मॅट्रिक झालेल्या मुलास ट्रंक-वळकटीसह पुण्यास, अथवा सुमारे पावणेतीनशे मैलांवरील मुंबईस, नाहीतर अन्य एखाद्या परगावी धाडण्यावाचून गत्यंतर नव्हते. मुलगा काय खातो, कोणाच्या पंक्तीस बसतो, या चिंतांत सोवळ्याओवळ्याच्या घरी आणखी एकीची भर पडावी हे स्वाभाविकच होते: तो संध्याकाळी चामड्याचा चेंडू तर तुडवीत नाही ना?

ही चिंता केवळ आपल्याच माजघरातील होती असे कोणी समजू नये. १८९१ साली टिंडेल-बिस्को नामक मिशनरी शिक्षकाने श्रीनगरच्या शाळेत फुटबॉल आणला, तेव्हा काश्मिरी पंडितांच्या मुलांनी चामड्यास पाय लावण्याचे साफ नाकारले. शिक्षकाने त्यांस बळेच मैदानावर उभे केले. चेंडू एकाच्या तोंडावर आदळला, तेव्हा लागल्यापेक्षा विटाळाचेच त्यास अधिक रडू आले. अखेर कालव्यावर तोंड धुऊन आणल्यावर खेळ पुढे चालू झाला! ही सक्ती आम्हांस प्रशंसनीय वाटत नाही. पण विटाळ पाण्याने धुतला जातो आणि खेळ पुढे चालतो, एवढे त्या मुलांस त्या दिवशी उमगले असावे.

मात्र चामड्याहूनही कठीण अडचण माणसांची होती. कलकत्त्यास १८७७ च्या सुमारास नगेंद्रप्रसाद सर्वाधिकारी या हेअर स्कूलच्या विद्यार्थ्याने सवंगड्यांसह हा खेळ सुरू केला. प्रेसिडेन्सी कॉलेजचे प्राध्यापक स्टॅक यांनी त्यांस साहाय्य केले. पुढे त्यांच्या वेलिंग्टन क्लबात मणि दास या कुंभाराच्या मुलास घेण्यास काही सभासदांनी हरकत घेतली. नगेंद्रप्रसादांनी काय करावे? त्यांनी क्लबच मोडला आणि शोभाबाजार क्लब उभारला! याच शोभाबाजारने १८९२ साली ट्रेड्स कपच्या सामन्यात ईस्ट सरे या गोऱ्या पलटणीच्या संघास हरविले.

तदनंतर २९ जुलै १९११ रोजी मोहन बागानने ईस्ट यॉर्कशायर पलटणीस २-१ असे नमवून आय. एफ. ए. शील्ड जिंकली. अकरांपैकी दहाजण अनवाणी होते. बूट होते ते एकट्या सुधीर चटर्जींच्या पायांत, आणि तेही कॉलेजात शिकविणारे गृहस्थ! १९२३ साली हाच संघ रोव्हर्स कपसाठी मुंबईस आला व अंतिम सामन्यात डरहॅम पलटणीकडून १-४ असा हरला. कलकत्त्याहून नागपूरमार्गे या की जबलपूरमार्गे, दोन्ही वाटा भुसावळासच मिळतात. तेव्हा फुटबॉलच्या इतिहासातील ही मंडळी आमच्या जंक्शनावरून गेली, हे निश्चित.

त्या काळचा खेळ आजच्याहून कष्टाचा होता. चेंडूचे नियमानुसार वजन १३ ते १५ औंस (१९३७ पासून १४ ते १६). पण खेळ रंगे ऐन पावसाळ्यात, आणि भिजलेले चामडे पाणी पिऊन कितीतरी जड होई. वादीच्या गाठीवर डोके आपटले म्हणजे कपाळ सोलून निघे. १९२५ पर्यंत ऑफसाइडचा नियमही कडक होता. पुढे गेलेल्या गड्यापुढे प्रतिपक्षाचे किमान तीन गडी असावे लागत; पुढे ही संख्या दोनवर आली. त्यात खानदेशची काळी माती! श्रावणात ती पायांस अशी बिलगते की धावणाऱ्यास प्रत्येक पावलागणिक ढेकूळ उचलावे लागते. सरावावाचून अशा जमिनीवर तोल सावरणे अशक्यच.

आता मुख्य प्रश्न असा, की विद्यार्थ्याने अभ्यासाचा तास या धडपडीत का घालवावा? शरीर बळकट होते, हे उत्तर खरे पण अपुरे आहे. शरीर तालमीतही कमावता येते. फुटबॉलमध्ये मात्र चेंडू आपल्या पायाशी असता तो योग्य क्षणी दुसऱ्यास द्यावा लागतो, आणि तो दुसरा कोणत्या घरचा हे पाहण्यास सवड नसते. नव्वद मिनिटे हा धडा गिरविणाऱ्या मुलास मैदानाबाहेर आल्यावर जुनी अढी जपणे जड जावे. मुंबईतील नामांकित क्रिकेट सामने तर १९४६ पर्यंत हिंदू, पारशी, मुसलमान अशा जमातवार संघांतच होत असत. हे ध्यानी घेता कॉलेजच्या मिश्र संघाचे मोल अधिकच वाटते.

म्हणून पालकांस आमची विनंती एवढीच आहे. मुलगा, आणि हल्ली मुलगीही, चिखलाने माखून घरी आली तर प्रथम किती गोल झाले हे पुसावे. आणि पुढच्या खेपेस संघातील सर्वांनाच फराळास बोलवावे. पंक्ती मात्र वेगळ्या मांडू नयेत.