अंकुराची वाढ : जीवशास्त्राच्या वर्गांतील एक गटकार्य

इ. स. १९१२ मध्यें दादासाहेब फाळके विलायतेहून चलच्चित्राचा कॅमेरा घेऊन परत आले, तेव्हां त्यांच्याजवळ विद्या होती, यंत्र होतें, परंतु भांडवल नव्हतें. भांडवलवाल्यांची खात्री पटविण्यासाठीं त्यांनीं राजाराणीचें चित्र घेतलें नाहीं. एका कुंडींत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा ठेवला, आणि महिन्याहून अधिक काळ त्या रोपाची वाढ दिवसादिवसानें टिपली. 'अंकुराची वाढ' हा लहानसा चित्रपट पाहणाऱ्यांस कित्येक दिवसांचें काम डोळ्यांदेखत उरकणारें रोप दिसलें. पुढें कर्ज मिळालें, आणि ३ मे १९१३ रोजीं 'राजा हरिश्चंद्र' मुंबईस लोकांपुढें आला. ही हकीकत लोक त्या दुसऱ्या चित्रासाठीं सांगतात. जीवशास्त्राच्या शिक्षकानें ती पहिल्यासाठीं ध्यानांत ठेवावी.

फाळक्यांनीं कॅमेऱ्याचा जो उपयोग केला तो आज साध्या मोबाइलनेंहि करतां येतो. तरीहि 'गटानें डिजिटल सादरीकरण करावें' असें वर्गांत सांगितलें म्हणजे बहुधा काय घडतें? ज्या एकाच्या घरीं संगणक आहे तो रात्रीं बसून दहापंधरा स्लाइडी तयार करतो. चित्रें इंटरनेटवरून उतरवून घेतलेलीं, मजकूर पुस्तकांतला, आणि अक्षरें उडत येणारीं व गिरक्या घेत जाणारीं. उरलेले चौघे दुसऱ्या दिवशीं एकेक स्लाइड वाचून दाखवितात व खालीं बसतात. टाळ्याहि पडतात. बीजपत्र म्हणजे काय हें मात्र त्या चौघांस ठाऊक नसतें; पांचव्यास असेलच असेंहि नाहीं. हा दोष यंत्राचा नव्हे. डोळ्यांना जें दिसत नाहीं तें दाखविणें हें या यंत्रांचें खरें सामर्थ्य. छापील पान मोठें करून भिंतीवर पाडण्यांत तें वायां जातें.

वस्तु दिसत नाहीं ती एक तर फार लहान असते म्हणून, नाहीं तर तिची हालचाल फार सावकाश असते म्हणून. वनस्पति हालत नाहींत हा सर्वसाधारण समज दुसऱ्या कारणामुळें झालेला आहे. नववीच्या गटास 'वनस्पतींतील हालचाली' असा नुसता विषय दिला तर काय करावें तें त्यास सुचत नाहीं. त्याऐवजीं प्रश्न द्यावा : बीं कसेंहि ठेवलें तरी मूळ खालींच कां जातें?

कांचेच्या पेल्याला आंतून टीपकागद लावावा, मध्यें ओला कापूस भरावा, आणि मोड नुकताच डोकावूं लागलेले वालाचे चार दाणे कांच व कागद यांच्यामध्यें, समोरच्या बाजूस, चार निरनिराळ्या दिशांनीं बसवावे. कडधान्याला मोड आणण्याची विद्या मुलांच्या घरीं उसळीच्या निमित्तानें नेहमींचीच आहे. मोबाइल असा ठेवावा कीं तो दोन दिवस केसभरहि हलणार नाहीं; तिपाई नसली तर दोन विटा व सुतळी पुरते. चार्जर लावलेला असावा, प्रकाश सदा एकाच दिव्याचा असावा, आणि फोनवर बोलणें येणार नाहीं अशी तजवीज असावी. नाहीं तर मामांचा फोन येतो, कोणी तरी धांवत जाऊन तो उचलतो, आणि पुढच्या सर्व चित्रांत पेला जागचा सरकलेला दिसतो.

दर दहा मिनिटांनीं एक याप्रमाणें ४८ तासांत २८८ चित्रें होतात. सेकंदास बारा या गतीनें तीं जोडलीं तर २४ सेकंदांची फीत तयार होते. म्हणजे वालाचा वेग ७,२०० पट वाढतो. फोनमधील व्यवस्था हा हिशेब परस्पर करून टाकते, तरी गटानें तो फळ्यावर मांडून दाखवावा. घरांतील एकुलता एक फोन दोन दिवस अडकवून ठेवणें पुष्कळ कुटुंबांस परवडणारें नाहीं. तेथें विटांवर फोनच्या कडांच्या खुणा खडूनें कराव्या, पाळ्या लावाव्या, आणि दर दोन तासांनीं फोन त्याच खुणांत ठेवून चित्र घ्यावें. रात्रीचीं चित्रें नसतील, फीत थोडे धक्के खाईल. पण तेवढ्यानें तिचें मोल कमी होत नाहीं.

मूळ बोटाच्या पेराएवढें झालें म्हणजे दाणे कॅमेऱ्यासमोरच राहतील अशा बेतानें पेला आडवा करावा. खरी मौज येथें आहे. कांहीं तासांतच मुळाचें टोंक नव्या दिशेनें, म्हणजे पुन्हां खालीं, वळूं लागतें. मुळाच्या टोंकावर एक टोपी असते. तिच्यांतील कांहीं पेशींत पिष्टाचे जड कण असतात. पेला आडवा होतांच ते पेशीच्या नव्या तळाशीं जाऊन बसतात, व खालची बाजू कोणती हें मुळास त्यावरून कळतें. मग ऑक्झिन नांवाचें वाढीचें संप्रेरक मुळाच्या खालच्या बाजूस अधिक जमतें. खोडांत ऑक्झिननें वाढ जोमानें होते. मुळांत मात्र त्याचें आधिक्य वाढीला आवर घालतें. त्यामुळें वरची बाजू अधिक लांबते आणि मूळ वांकतें. वांकण्याची जागा टोंकाच्या किंचित् मागें असते, हें फितींत स्पष्ट दिसतें. चार्ल्स डार्विन व त्याचा पुत्र फ्रान्सिस यांनीं १८८० सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत मुळांचीं टोंकें छाटून केलेले प्रयोग वर्णिलेले आहेत. टोंक गेलें कीं मुळास दिशा उमगत नाहीं. पेला आडवा करण्यापूर्वीं एका दाण्याच्या मुळाचें टोंक शिक्षकानें पात्यानें मिलिमीटरभर छाटून दिलें, तर तोच प्रयोग त्याच फितींत, शेजारच्या अखंड मुळांच्या तुलनेनें, पहावयास मिळतो.

चार दाण्यांपैकीं एखाद्यास बुरशी येण्याचा पुष्कळ संभव असतो, आणि गटाची कसोटी तेथेंच लागते. फितीचा तो कोपरा कापून टाकणें संगणकावर क्षणाचें काम आहे. दुसऱ्या कोणाची निर्दोष फीत इंटरनेटवर तयार आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेस सांगितलें, तर कधींच न उगवलेल्या वालाचें गोजिरवाणें चित्र ती काढून देते, आणि त्यांत दोनाऐवजीं तीन बीजपत्रें आलीं तरी तिला त्याची खंत नसते. येथें शिक्षकानें कठोर असावें. कुजलेला दाणा फितींत राहिलाच पाहिजे, त्याखालीं दिनांक व वेळ पाहिजे, आणि पाणी फार झालें कीं हवा कोंडली याचा शोध गटानें घेतलाच पाहिजे. गुण देतांना या शोधास सुबक अक्षरांहून अधिक गुण असावे. पहिल्या वर्षीं मुलें याबद्दल कुरकुरतात.

लहान वस्तूंसाठीं स्टॅनफर्ड विद्यापीठांतील मनु प्रकाश व त्यांचे सहकारी यांनीं बनविलेला, कागदाच्या घडीचा 'फोल्डस्कोप' हा सूक्ष्मदर्शक उपयोगी पडतो. त्याला मोबाइलचा कॅमेरा जोडतां येतो, व कांद्याच्या पापुद्र्यांतील पेशी एकाच वेळीं साऱ्या वर्गाला दिसतात. पेशीविभाजनासारखी क्रिया शाळेंत प्रत्यक्ष टिपणें कठीण. तेथें ताटांत रंगीत लोकरीचे तुकडे गुणसूत्रें म्हणून मांडावे, थोडे थोडे सरकवावे, आणि प्रत्येक वेळीं चित्र घ्यावें. पुस्तकांत चार अवस्थांच्या चार आकृति असतात; त्यांच्यामध्यें काय घडतें याचा विचार लोकर सरकविणाऱ्या हातांस करावाच लागतो.

आतां वर्गासमोर उभें राहण्याविषयीं. फाळक्यांच्या काळचे चित्रपट मूक होते. गटाची फीतहि मूकच असावी. शब्द मुलांच्या तोंडून यावे, आणि ते मराठींत, वर्गांतल्याच भाषेंत. कोणीं काय बोलावें हें आधीं ठरवूं नये. चिठ्ठी टाकून नांव काढावें. असें केलें म्हणजे ज्यानें फीत जोडली त्यास मुळाची टोपी समजून घ्यावी लागते, आणि जी मुलगी वर्षभर वर्गांत तोंड उघडीत नाहीं, पण पहाटे उठून कापसावर पाणी शिंपीत होती, तिला सांगण्यासारखें पुष्कळ असतें. पेला आडवा केला ती वेळ तिला पाठ असते.

मग मागच्या बांकावरून कोणी तरी विचारतो कीं पेला सारखा फिरतच ठेवला तर मूळ कोणीकडे जाईल. १८०६ सालीं इंग्लंडांत टॉमस अँड्र्यू नाइट यांनीं पाण्याच्या प्रवाहावर फिरणाऱ्या चाकाला अंकुरणारीं बियाणीं बांधून हेंच पाहिलें होतें. चाक वेगानें फिरत राहिलें. मुळें चाकाच्या बाहेरच्या दिशेनें गेलीं व कोंब मध्याकडे वळले. शाळेच्या आवारांत जुनी सायकल पडलेली असली, तर पुढच्या गटाचा प्रश्न तयार आहे.