इब्ने रिज़वान यांचा तारा आणि लोखंडाची सावली

हिजरी ३९६, म्हणजे इ.स. १००६. मिसरमध्ये गीझाच्या एका नानबाईचा मुलगा अली इब्ने रिज़वान तेव्हा शिकत होता. पुढे ते कैरोचे नामवंत हकीम झाले. त्या वर्षी दक्षिणेच्या आकाशात अचानक उगवलेला तारा त्यांनी पाहिला. शुक्राच्या अडीच-तीन पट मोठा, उजेड चंद्राच्या पाव हिश्श्याहून थोडा जास्त, असे त्यांनी टॉलेमीच्या ग्रंथावरील भाष्यात लिहून ठेवले. ग्रह त्या वेळी कुठे होते, तेही नोंदवले. त्यामुळेच आजचे शास्त्रज्ञही ही नोंद उघडून बसतात.

तो होता एका ताऱ्याचा स्फोट, सुमारे सात हजार प्रकाशवर्षे दूर. त्याचे अवशेष आज चंद्रबिंबाएवढ्या जागेत पसरले आहेत, पण नुसत्या डोळ्यांना काही दिसत नाही. अशा स्फोटात लोखंड भरपूर तयार होते, असे गणित सांगते. मग ते गेले कुठे? अवशेषांच्या कडेचा वायू आदळून तापतो आणि चमकतो. आतला माल मात्र अजून थंड, म्हणून काळोखात.

१९८० मध्ये श्वाइझर आणि मिडलडिच यांना अवशेषांच्या मध्याजवळ एक अंधुक निळा तारा सापडला. तो स्फोटातून उरलेला असावा, असा आधी कयास होता. त्याचा अतिनील प्रकाश तपासायचा तर वातावरणाबाहेर जाणे भाग. आपली त्वचा वाचवणारा ओझोन तो प्रकाश खाली येऊच देत नाही. १९७८ साली अंतराळात गेलेल्या 'आययूई' दुर्बिणीने तो तपासला. प्रकाशाच्या पट्ट्यात ठरावीक जागी काळ्या खाचा होत्या, आणि त्या जागा लोखंडाच्या!

धुरामागे कंदील ठेवावा, तसा हा तारा अवशेषांच्या मागे निघाला. खाचा दोन्ही बाजूंना रुंदावल्या होत्या. म्हणजे लोखंडाचा काही भाग आपल्याकडे येतोय, काही दूर पळतोय, सेकंदाला हजारो किलोमीटर वेगाने. दूर पळणारा भागही ताऱ्याचा प्रकाश अडवतो, म्हणजे तारा त्याच्याही पलीकडे.

आम्हाला नवल वाटते ते याचे, की स्वतः न चमकणारी वस्तू तिच्या सावलीवरून सापडली. हिशेब मात्र पुरता जुळला नाही. दिसलेले लोखंड गणितापेक्षा बरेच कमी भरले. उरलेल्याच्या शोधात पुढे हबल दुर्बीणही त्याच निळ्या ताऱ्याकडे वळवली गेली.