नागेश्वराची वाट

उंच पर्वत, त्याच्या कुशीतून उगम पावणारी नदी आणि त्या उगमाजवळ वसलेले देवस्थान, ही सांगड आपल्या देशात फार प्राचीन काळापासून चालत आली आहे. तीर्थयात्रा म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर प्रथम हिमालय उभा राहतो. गौरीकुंडापासून केदारनाथापर्यंतची ती चढण, खाली घोंघावणारी मंदाकिनी आणि समोर झळकणारी हिमशिखरे यांची वर्णने आपण वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकलेली असतात. ती ऐकून पुष्कळांना असे वाटते की, गिरिशोभा आणि तीर्थदर्शन यांचा एकत्र लाभ घ्यावयाचा तर उत्तरेकडेच गेले पाहिजे. परंतु आपल्या रत्नागिरी जिल्ह्याच्या पूर्व सीमेवर सह्याद्रीची जी उत्तुंग भिंत उभी आहे, तिच्या अंगाखांद्यांवरही अशी अनेक शिवस्थाने आहेत. खेड तालुक्यातील चोरवणे या गावावरून ज्याची वाट वर चढते, तो नागेश्वर त्यांपैकीच एक होय.

नागेश्वर म्हणजे शिखरांवर बांधलेले भव्य देवालय नव्हे. सह्याद्रीच्या ऐन कड्यात निसर्गाने कोरलेली ती एक गुहा आहे. गुहेत शिवलिंग असून तिच्या छतातून पाण्याचे थेंब ठिबकत असतात. डोंगर स्वतःच देवावर अभिषेक करीत आहे, असा भाव ते दृश्य पाहून भाविकांच्या मनात उत्पन्न होतो. हा अभिषेक कसा घडतो, हे समजून घ्यावयाचे असेल तर सह्याद्रीची जन्मकथाच ऐकली पाहिजे.

हिमालय आणि सह्याद्री हे दोघेही पर्वत खरे. पण त्यांची कुळे निराळी. सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वी भारताचा भूखंड उत्तरेकडे सरकत जाऊन आशियाच्या भूखंडावर आदळला. मधल्या समुद्राच्या तळाशी साचलेल्या थरांना त्या दाबाने वळ्या पडल्या आणि त्या वळ्या उंच उचलल्या जाऊन हिमालय निर्माण झाला. म्हणूनच त्या उंच प्रदेशात आजही सागरी जीवांचे अश्मीभूत अवशेष सापडतात. गंडकी नदीतील शाळिग्राम हे त्याचेच उदाहरण. सह्याद्रीचा खडक मात्र अग्नीतून जन्मलेला आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी भूमीला मोठमोठ्या भेगा पडून त्यांतून तप्त लाव्हारस बाहेर पडला. तो पसरला, थिजला आणि त्याच्यावर पुन्हा नवा रस येऊन पसरला. असे थरावर थर साचून दख्खनचा काळा कातळ तयार झाला. सह्याद्रीच्या कड्यांवर ज्या आडव्या रेषा दुरूनही दिसतात, त्या या थरांच्याच होत.

हे सर्व थर सारखे कठीण नाहीत. काही टणक आहेत, तर काही ठिसूळ. दोन थरांच्या मध्ये कोठे कोठे तांबड्या मातीचा पट्टाही आढळतो. ऊन, वारा आणि पाऊस यांच्या माऱ्याने ठिसूळ थर आधी झिजतो आणि वरचा टणक थर छतासारखा पुढे डोकावत राहतो. अशा रीतीने कड्यांत नैसर्गिक गुहा तयार होतात. पावसाळ्यात माथ्यावर पडलेले पाणी कातळाच्या बारीक भेगांतून हळूहळू आत मुरते, डोंगराच्या पोटात साचते आणि पाऊस सरल्यानंतरही गुहेच्या छतातून पाझरत राहते. ज्या डोंगरावर दाट वन आहे, तेथे पाणी अधिक मुरते. जो डोंगर उघडाबोडका झाला, त्याच्यावरून ते वाहून जाते. तेव्हा गुहेतील तो थेंब पाहताना डोंगरावरील वृक्षराजीचेही स्मरण ठेवले पाहिजे.

आता वाटेकडे वळू. चोरवण्याहून नागेश्वराची चढण साधारणतः चार-पाच तासांची आहे. गावाची शेते मागे पडली की रान सुरू होते. ऐन, किंजळ, हिरडा, जांभूळ हे वृक्ष दाटीने उभे असतात. उतारावर कारवीची झुडपे माजलेली दिसतात. ही कारवी मोठी नवलाईची वनस्पती आहे. ती दर वर्षी फुलत नाही. साधारण सात-आठ वर्षांनी एकदाच सारे रान एकदम जांभळ्यानिळ्या फुलांनी बहरते, बी धरते आणि मग वाळून जाते. तिच्या सरळ काठ्यांचे कूड डोंगरातील घरांना पिढ्यान्‌पिढ्या लाभले आहेत. दाट झाडीत आपल्या महाराष्ट्राचा राज्यप्राणी शेकरू या फांदीवरून त्या फांदीवर झेप घेताना दिसतो. गवा, अस्वल आणि बिबट्या यांचाही येथे वावर आहे. म्हणून या रानात एकट्याने फिरणे शहाणपणाचे नव्हे.

झाडी विरळ होऊ लागली की चढ उभा होतो, श्वास जड होतो आणि पाऊल जपून टाकावे लागते. अखेरीस कड्यालगतच्या वाटेने आपण गुहेशी येऊन पोहोचतो. मागे वळून पाहावे, तो खाली कोकणची भूमी अंथरलेली दिसते. लहानमोठ्या टेकड्या, त्यांच्यामधून वळत गेलेले पऱ्हे आणि इवलीशी दिसणारी कौलारू घरे पाहून थकवा हरपतो.

या कण्यावर उभे राहिले असता भूगोलातील एक धडा प्रत्यक्ष डोळ्यांपुढे उलगडतो. सह्याद्रीचा हा माथा म्हणजे जलविभाजक होय. कण्याच्या पश्चिमेस पडलेला पावसाचा थेंब कोकणातील नद्यांना मिळून ५०-६० किलोमीटरांवरील अरबी समुद्रास जातो. त्याच्याच शेजारी, पण पूर्वेच्या उतारावर पडलेला थेंब कोयनेत उतरतो, कऱ्हाडजवळ कृष्णेला मिळतो आणि महाराष्ट्र, कर्नाटक, तेलंगण व आंध्र प्रदेश ओलांडून बंगालच्या उपसागरात विलीन होतो. दोन थेंबांमध्ये हातभर अंतर. पण एकाचा मुक्काम पश्चिम सागरात, तर दुसऱ्याचा पूर्व सागरात!

मनुष्याने मात्र आपल्या बुद्धीने या निसर्गक्रमातही बदल घडवून आणला आहे. कोयनेवर धरण बांधून तिचे पाणी अडविण्यात आले आणि त्यातील काही पाणी बोगद्यांतून सह्याद्रीच्या पोटातून पश्चिमेकडे वळविण्यात आले. चिपळूण तालुक्यातील पोफळी येथे त्या पाण्याच्या बळावर वीज निर्माण होते आणि नंतर ते वाशिष्ठी नदीतून अरबी समुद्रास मिळते. धरणामुळे जो विस्तीर्ण जलाशय झाला, तो शिवसागर. त्याच्या पाण्याखाली कोयनाकाठची अनेक गावे गेली आणि तेथील कुटुंबांना आपली घरे सोडून दूर जावे लागले. आपल्या घरातील दिवा लागतो, तेव्हा त्या प्रकाशात या कुटुंबांचाही वाटा आहे, हे विसरून चालणार नाही.

माघ वद्य चतुर्दशीस, म्हणजे महाशिवरात्रीस, नागेश्वराची यात्रा भरते. त्या दिवशी कोकणातले लोक खालून चढून येतात आणि सातारा जिल्ह्यातले लोक शिवसागराच्या बाजूने, रानातून येतात. गुहेपुढे घाट आणि कोकण यांची भेट होते. ही भेट आजची नव्हे. मोटारी आणि रुंद रस्ते होण्यापूर्वी सह्याद्रीतील घाटवाटांनीच दोन्हीकडचे व्यवहार चालत. कोकणातून मीठ आणि सुकी मासळी वर जाई. घाटावरचे धान्य खाली येई. माल वाहणारे बैल आणि डोक्यावर ओझे घेतलेली माणसे यांच्या पायांनी या वाटा मळल्या. व्यापाराच्या अनेक वाटा पुढे मोडल्या; परंतु यात्रेच्या वाटा श्रद्धेने राखल्या गेल्या.

नागेश्वरापासून कण्याने पुढे गेले की सातारा जिल्ह्यातील वासोटा हा किल्ला लागतो. दुर्गमतेमुळे त्याचा उपयोग कैदखान्यासारखा होत असे. १८१७ साली दुसऱ्या बाजीरावाचे इंग्रजांशी युद्ध सुरू झाले, तेव्हा दोन इंग्रज अधिकारी येथे कैदेत होते. १८१८ साली हा किल्ला इंग्रजांच्या हाती गेला. याच रांगेत उत्तरेस चकदेवाचे शिवस्थान असून, खेड तालुक्यातून तेथे चढताना कड्याला लावलेल्या शिड्यांचा आधार घ्यावा लागतो. दक्षिणेस संगमेश्वर तालुक्यात मारळ गावाजवळ मार्लेश्वर आहे. तोही गुहेतच वसलेला आहे. तेथवर पायऱ्या बांधलेल्या असल्याने तो चढ सुकर आहे. शेजारीच धारेश्वराचा धबधबा कोसळतो. मकरसंक्रांतीच्या सुमारास मार्लेश्वर आणि साखरप्याची गिरिजादेवी यांचा विवाहसोहळा तेथे मोठ्या थाटाने होतो.

अशा वाटांवर वाटाड्याचे महत्त्व फार मोठे असते. वाटाड्या म्हणजे केवळ पुढे चालणारा माणूस नव्हे. तो गावचा राहणारा असतो आणि डोंगर त्याने लहानपणापासून पाहिलेला असतो. रानात गुरांच्या पायवाटा इतक्या असतात की, खरी वाट कोणती हे परक्यास कळत नाही. वाटाड्या दगडांच्या रचनेवरून आणि झाडांच्या खुणांवरून ती नेमकी ओळखतो. उन्हाळ्याच्या तोंडाशी कोणता झरा आटला आणि कोणता वाहता आहे, हे त्याला ठाऊक असते. कड्यावर आग्या मोहोळाची पोळी लटकत असतात. धूर किंवा उग्र वास गेला तर माश्या खवळून अंगावर येतात. म्हणून तेथे विडी ओढू नका, आरडाओरडा करू नका, असे तो बजावून सांगतो. त्याचा शब्द मोडणारा स्वतःबरोबर इतरांनाही संकटात टाकतो.

केदारनाथाची उंची ३,५८३ मीटर आहे. तेथे हवा इतकी विरळ असते की, समुद्रकाठी मिळणाऱ्या प्राणवायूच्या सुमारे दोन तृतीयांशच प्राणवायू प्रत्येक श्वासाबरोबर मिळतो. म्हणून समुद्रसपाटीवरून जाणाऱ्याने सावकाश चढावे, वाटेत मुक्काम करावा आणि डोके दुखू लागले किंवा मळमळू लागले तर अधिक वर जाऊ नये. सह्याद्रीत विरळ हवेचे भय नाही. महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर कळसूबाई हेही १,६४६ मीटरच उंच आहे. येथे भय असते ते उन्हाचे, तहानेचे आणि निसटत्या पायवाटेचे. केदारनाथाची दारे हिवाळ्यात बर्फामुळे सुमारे सहा महिने बंद असतात आणि देवाची पूजा खाली उखीमठास होते. नागेश्वराच्या वाटेवर हिमाची नव्हे, तर पावसाची सत्ता चालते. पावसाळ्यात या वाटेने जाऊ नये.

हा नियम कोणाच्या हौसेस मुरड घालण्यासाठी केलेला नाही. जून २०१३ मध्ये केदारनाथच्या वरच्या बाजूस अतिवृष्टी झाली आणि हिमनदीजवळचे चोराबारी सरोवर फुटून पाण्याचा व दगडगोट्यांचा लोंढा खाली आला. त्यात हजारो माणसे प्राणांस मुकली. जुलै २०२१ मध्ये आपल्याच जिल्ह्यात चिपळूण शहर पुरात बुडाले आणि खेड तालुक्यातील पोसरे येथे दरड कोसळून घरे गाडली गेली. कातळावरची माती पाण्याने भिजून जड झाली आणि तिचा खालचा आधार सुटला की ती उतारावरून एकदम घसरते. वृक्षांची मुळे ही माती पुष्कळशी बांधून ठेवतात. तरीही पावसाने अतिरेक केला तर दाट रानाच्या उतारांनाही धोका असतो. म्हणून पर्वताचा काळवेळ ओळखणे हे यात्रेचे पहिले व्रत मानले पाहिजे.

कोयनेच्या खोऱ्यातील हे रान १९८५ साली अभयारण्य म्हणून घोषित झाले आणि २०१० साली सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात समाविष्ट झाले. २०१२ साली पश्चिम घाटातील ३९ स्थळांना जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली; त्यांत कोयना अभयारण्यही आहे. या रानात शिरण्यापूर्वी वनखात्याची अनुमती घ्यावी लागते. महाशिवरात्रीच्या सुमारास गवत वाळून कोळ झालेले असते. चुलीतील एक निखारा विझविल्यावाचून राहिला तर वणवा पेटतो आणि डोंगरच्या डोंगर जळून काळे पडतात. प्लास्टिकच्या पिशव्या आणि बाटल्या झऱ्यात पडल्या तर खालच्या गावाचे पाणी दूषित होते. देवास वाहिलेल्या फुलांचे निर्माल्य होते. पण रिकाम्या बाटलीचे काहीच होत नाही. ती आपण नेली, तशी आपणच खाली आणली पाहिजे.

मुलांनो, पुढेमागे तुम्ही हिमालयात जाल, केदारनाथाचे दर्शन घ्याल. ती वाट अवश्य चाला. पण तत्पूर्वी आपल्या दारच्या सह्याद्रीची एखादी वाट, जाणत्या माणसाच्या सोबतीने, पायांखाली घाला. पाऊल बेताने टाकणे, पाणी जपून पिणे, मागे राहिलेल्या सोबत्यासाठी थांबणे आणि वाटाड्याचे ऐकणे, या गोष्टी तेथे आपोआप अंगवळणी पडतात. गुहेतील तो गार थेंब ओंजळीत पडला म्हणजे, तो गेल्या पावसाळ्यापासून या डोंगराने आपल्यासाठी राखून ठेवला होता, हे ध्यानात घ्या आणि मग खाली उतरायला लागा. कारण अंधार पडण्यापूर्वी गाव गाठणे हाही यात्रेचाच एक नियम आहे.