पिशवी काढण्यापूर्वीं

नगरहून छत्रपति संभाजीनगरच्या हमरस्त्यानें निघालें म्हणजे जेथून शनिशिंगणापुरास वाट फुटते तें घोडेगांव. परक्यांस तें कांद्याच्या व म्हशींच्या बाजारामुळें ठाऊक असतें. आम्हांस घोडेश्वरीच्या देवळामुळें आणि माहेरच्या ओसरीमुळें. गेल्या दिवाळीनंतर आम्ही तेथें चार दिवसांकरितां म्हणून गेलों आणि महिनाभर राहिलों. आमच्या धाकट्या भावजयीची पिशवी काढण्याचा दिवस ठरला होता, व तेवढे दिवस घर सांभाळावयास कोणी तरी हवें होतें.

पिशवी म्हणजे गर्भाशय. हा शब्द लिहितांना संकोच वाटावा असें आम्हांस वाटत नाहीं. र. धों. कर्वे यांनीं 'समाजस्वास्थ्य' मासिक १९२७ सालीं सुरू केलें. त्यास आतां शतक होत आलें. तरीहि सुशिक्षित घरांत सासवा-सुना, नणंदा-भावजया एका चुलीवर रांधून जेवतात, आणि कोणाच्या अंगावरून किती जातें याची एकीस दुसरीची दाद नसते. आमच्या घरीं तेंच झालें. भावजयीचें वय एकोणचाळीस. मुलें दोन, थोरला यंदा दहावीस. दोन वर्षें तिची पाळी आठ-आठ, नऊ-नऊ दिवस चाले. पहिल्या तीन दिवसांत गांठी पडत, रात्रीं दोनदां-तीनदां उठावें लागे, आणि ओटीपोटांत अशी कळ येई कीं कणीक मळतां मळतां ती परातीशींच पाय पोटाशीं घेऊन बसे. बाहेरगांवचें लग्नकार्य आलें कीं तिचें डोकें नेमकें दुखूं लागे, अशी आमची समजूत होती. त्यावरून आम्हीं तिची थट्टाहि केली आहे. तिनें सांगितलें नाहीं, आम्हीं विचारलें नाहीं. शेवटीं गौरीच्या जेवणाच्या दिवशीं ती माजघरांत घेरी येऊन पडली, तेव्हां रक्त तपासलें. हिमोग्लोबिन आठाच्याहि खालीं निघालें.

मग एका मोठ्या शहरांतील डॉक्टरांकडे नेलें. त्यांनीं सोनोग्राफीचा कागद पाहिला आणि दहा मिनिटांत निकाल दिला: "दोन मुलें झालीं आहेत, आतां पिशवीचा उपयोग काय? काढून टाका, मोकळ्या व्हा." घरीं आल्यावर थोरल्या काकूंनीं तेंच म्हटलें, आईनें मान हलविली, भावानें सुट्टीचा अर्ज केला. भावजयीस काय वाटतें हें कोणीं विचारलें नाहीं. तिलाहि आपणांस कांहीं वाटावयाचें असतें हें सुचलें नाहीं.

ते दिवस ऊस तोडणाऱ्या टोळ्या येण्याचे होते. सोनईचा मुळा कारखाना, भेंड्याचा ज्ञानेश्वर कारखाना. दोन्ही नेवासें तालुक्यांतच, तेव्हां हंगाम लागला कीं बीड-पाथर्डीकडून बिऱ्हाडें येऊं लागतात. एके दुपारीं त्यांतली एक बाई पाण्यासाठीं दारांत आली. ओसरीवर भावजय निजलेली पाहून तिनें विचारलें, आम्हीं सांगितलें. ती अगदीं सहज म्हणाली, "माझी तर कवाच काढली, बाई. पंचविशीत व्हते. कंबर मातर तव्हापासून गेली ती गेलीच."

तें वाक्य आमच्या मनांतून जाईना. बीड जिल्ह्यांतील या प्रकाराचा गवगवा २०१९ सालीं झाला होता. विधानपरिषदेच्या उपसभापति नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालीं समिति नेमली गेली. ऊसतोडणीस जाणाऱ्या ८२,३०९ स्त्रियांची पाहणी झाली, आणि त्यांपैकीं १३,८६१ जणींचा गर्भाशय काढलेला आढळला. म्हणजे सहांत एक. त्यांचीं कारणें उघड होतीं. नवराबायको मिळून एक 'कोयता'. मुकादमाची उचल आधींच घेतलेली. एक दिवस कामावर न गेलें तर 'खाडा', आणि खाड्याचा दंड. फडांत ना आडोसा, ना पाणी. पाळी म्हणजे बुडालेली मजुरी. मग दुखण्याचें मूळच उपटून टाकलेलें बरें, असा हिशेब. पुढें एप्रिल २०२३ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें अनावश्यक गर्भाशय-शस्त्रक्रिया रोखण्याविषयींचीं केंद्राचीं मार्गदर्शक तत्त्वें सर्व राज्यांनीं अंमलांत आणावीं, असा आदेश दिला.

पण आमच्या घरांत मुकादम नव्हता, उचल नव्हती, खाडा नव्हता. पुस्तकांनीं भरलेलें कपाट होतें, आणि तरी आम्ही त्याच उत्तराशीं येऊन पोंचलों होतों. याची लाज वाटली, म्हणूनच दुसऱ्या दिवशीं आम्ही भावजयीस म्हणालों, "ऊठ, नगरला जाऊं. आणखी एकदां दाखवूं." ती म्हणाली, "वन्सं, तारीख ठरली आहे." जणू लग्नाचीच तारीख!

नगरच्या डॉक्टरीणबाईंनीं प्रथम कागद पाहिलेच नाहींत. पाऊण तास प्रश्न विचारले, आणि तेहि आम्हांस बाहेर बसवून. मागाहून आम्हांस आंत बोलावून त्यांनीं जें समजाविलें त्याचा मथितार्थ असा. एका पाळींत साधारणतः तीस-चाळीस मिलिलिटर रक्त जातें. ऐंशीच्या वर जाऊं लागलें कीं तें फार समजावें. घरांत कोणी मापून पाहत नाहीं, म्हणून खुणा पाहाव्या: तासा-दोन तासांनीं घडी बदलावी लागणें, रुपयाएवढ्या गांठी पडणें, सात दिवसांपलीकडे चालणें, रात्रीं अंथरूण भिजणें. हें आजाराचें नांव नव्हे, लक्षण आहे. मूळ कारण गर्भाशयांतील गांठी असूं शकेल, अस्तराचा मस्सा असेल, थायरॉइड असेल, रक्त न गोठण्याचा जन्मजात दोष असेल, क्वचित् अस्तराचा कर्करोगहि असेल. तें पाहिल्यावांचून सुरी उचलणें जसें चूक, तसेंच तें पाहिल्यावांचून दुसरा कोणताहि उपाय करणेंहि चूक. भावजयीच्या सर्व तपासण्या झाल्या. अस्तराचा तुकडा काढून तोहि तपासला. तो निर्दोष निघाला. अस्तरासारखी पेशीजाल गर्भाशयाच्या भिंतींत शिरून भिंत जाड झाली होती. तिच्या कळांचें व स्रावाचें कारण तें. हा विकार त्रास पुष्कळ देतो, पण तो कर्करोग नव्हे.

बाईंनीं तीन मार्ग सांगितले. गोळ्या, गर्भाशयांत बसवावयाची संप्रेरकाची तांबी, आणि शेवटीं, अगदींच नाइलाज झाला तर, शस्त्रक्रिया.

'तांबी' हा शब्द काकूंच्या कानावर पडला मात्र, आणि घरांत वादळ उठलें. १९६५ सालीं सरकारनें 'लूप' आणला. गांवोगांव शिबिरें झालीं, बायकांस तो बसविला, आणि मागाहून पुष्कळजणींस रक्तस्राव होऊं लागला तेव्हां विचारावयास कोणी आलें नाहीं. काकूंची थोरली बहीण त्यांतली. "ज्यानें तिचें अंगावर जाऊं लागलें, तेंच हिला औषध?" हा काकूंचा प्रश्न, आणि तो मुळींच अडाणी नव्हे. तांब्याची तांबीहि कित्येकींचा स्राव वाढवितेच. परंतु या वस्तूस लोक 'हॉर्मोनची तांबी' म्हणत असले तरी तींत तांबें गुंजभरहि नाहीं. इंग्रजी 'टी' अक्षराच्या आकाराचा प्लॅस्टिकचा लहानसा सांगाडा, आणि त्याच्या दांडीवर लेव्होनॉर्जेस्ट्रेल नांवाचें संप्रेरक ५२ मिलिग्रॅम. तें आरंभीं दिवसाला सुमारें वीस मायक्रोग्रॅम, म्हणजे ग्रॅमाचे वीस दशलक्षांश, या बेतानें पाझरतें. औषध जेथें हवें तेथेंच पडतें. रक्तांत फार थोडें जातें. त्यायोगें गर्भाशयाचें अस्तर पातळ राहतें, आणि जें वाढलेंच नाहीं तें गळणार कोठून?

ही कल्पना फिनलंडांतील तापानि लुक्काइनेन या डॉक्टरांनीं पुढें नेली. १९९० सालीं ती त्या देशांत प्रथम विक्रीस आली, ती संततिनियमनासाठीं. पण वापरणाऱ्या स्त्रियांची पाळीच इतकी ओसरूं लागली कीं अतिस्रावावरील उपाय म्हणून तिचा लौकिक वाढला. २०१५ सालीं जागतिक आरोग्य संघटनेनें तिला अत्यावश्यक औषधांच्या यादींत घेतलें. सहा महिने ते वर्षभरांत स्राव दहांतून नऊ हिस्से कमी होतो, हा बहुतेक अभ्यासांचा निष्कर्ष आहे.

आम्हीं बाईंना विचारलें, मग पिशवी वांचेलच ना? त्यांनीं मान डोलावली नाहीं, याबद्दल त्यांच्याविषयींचा आमचा आदर वाढला. त्यांनीं फिनलंडांतलाच एक प्रयोग सांगितला. अतिस्रावाच्या २३६ स्त्रियांचे चिठ्ठ्या टाकाव्या तसे दोन गट केले. एकीकडे ही तांबी, दुसरीकडे शस्त्रक्रिया. पांच वर्षांनीं पाहिलें तेव्हां तांबीच्या गटांतील शंभरांत बेचाळीस जणींस शेवटीं शस्त्रक्रिया करावीच लागली होती. पण अठ्ठावन्न वांचल्या. दोन्ही गटांचें स्वास्थ्य व समाधान सारखेंच होतें, आणि खर्च तांबीकडे कमी. "तुम्ही कोणत्या गटांत पडाल हें मी सांगूं शकत नाहीं," बाई भावजयीस म्हणाल्या, "पण तांबी उद्यां काढतां येते. पिशवी परत बसवितां येत नाहीं." शस्त्रक्रियेच्या ओघांत बीजकोशहि काढले तर स्त्री त्याच दिवशीं म्हातारी होते, हाडें ठिसूळ होतात, हृदयविकाराचा संभव वाढतो. ऊसतोडणीच्या त्या बाईच्या कंबरेचें कारण तेंच कीं काय, हें आम्हांस कधीं कळणार नाहीं.

ही वस्तु सर्वांसाठीं नव्हे. गर्भार असतांना, ओटीपोटांत जंतुसंसर्ग असतांना, स्तनाचा कर्करोग झालेला असतांना, किंवा स्रावाचें कारण शोधलेलेंच नसतांना ती बसवीत नाहींत. गांठींमुळें गर्भाशयाची पोकळी वेडीवांकडी झाली असेल तर ती टिकत नाहीं. शंभरांत सुमारें पांच जणींची ती आपोआप बाहेर येते. हजारांत एखादीच्या गर्भाशयास बसवितांना भोंक पडतें.

बसविण्यास पांच-सात मिनिटें लागलीं. भावजय पुरती कळवळली, अर्धा तास निजून राहिली, आणि संध्याकाळीं आमच्याबरोबर एसटीनें घोडेगांवीं आली. शस्त्रक्रियेची तारीख तशीच गेली.

आणि येथून खरी कसोटी लागली. पहिले तीन ते सहा महिने थोडथोडें डाग लागणें चालूं राहतें, हें बाईंनीं बजावलें होतें. तरी ऐकणें निराळें व भोगणें निराळें. चार महिन्यांत एक आठवडा कोरडा गेला नाहीं. डोकें दुखे, चेहऱ्यावर पुटकुळ्या उठल्या, आणि स्वभाव चिडखोर झाला. दोनदां ती काढून टाकावयास निघाली. त्यांत आमच्या घरीं कडेला बसणें कधींच सुटलें असलें तरी पाळींत देवघर व लोणच्याची बरणी अजून वर्ज्य आहेत. आतां रोजचाच डाग, तर पूजेचें काय करावयाचें? या प्रश्नाचा निकाल आईनें लावला. ऐंशी वर्षांची आमची आई एके सकाळीं म्हणाली, "थेंबाथेंबाचा विटाळ धरीत बसलें तर नैवेद्य कोण करणार? देवाला तरी सहा महिने उपाशी ठेवूं नका." त्या दिवसापासून भावजय देवघरांत जाऊं लागली. काकू दोन दिवस रुसल्या.

पांचव्या महिन्यांत डाग थांबले. सातव्यांत पाळी आली ती दोन दिवसांची, आणि पुढें तीहि आली नाहीं. वर्षअखेर पांचांत एकीचें असें होतें. तेव्हां काकूंना नवीच चिंता: "मग तें वाईट रक्त सांचतें कोठें?" आम्ही त्यांना सारवणाचा दृष्टांत दिला: जमीन जाड सारवली तर पोपडे निघणार, सारवणच पातळ, तर निघावयाचें काय? बीजकोश आपलें काम बहुधा करीतच असतात, आणि तांबी काढली कीं पाळी पुनः सुरू होते. काकूंना हें पटलें असें त्यांचा चेहरा सांगत नव्हता. पण त्यांनीं रोज सकाळीं भावजयीस भिजविलेल्या मनुका देण्यास सुरुवात केली. लोहाच्या गोळ्या चालूंच होत्या. हिमोग्लोबिन आतां साडेअकरा आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब पाहणींत महाराष्ट्रांतील शंभरांत चौपन्न स्त्रिया रक्तानें उण्या आढळल्या होत्या. त्यांत आमची भावजय मोजली गेली नव्हती, पण ती त्यांतलीच होती.

खर्चाविषयीं एक लिहिलें पाहिजे. तांब्याची तांबी सरकारी दवाखान्यांत विनामूल्य बसवितात. ही वस्तु बहुधा स्वतः विकत घ्यावी लागते, आणि किंमत हजारांत जाते. आम्हांस तें जड गेलें नाहीं. यंदा हंगामाला ती पाणी मागणारी बाई पुनः दिसली. तिच्याबरोबर तिची सून होती, तीहि कोयत्याला. सासूनें तिला आमच्या ओसरीच्या पायरीवर बसविलें आणि भावजयीस म्हणाली, "हिलाबी लई जातंय बघा." भावजय पदर खोंचून तिच्याशेजारीं पायरीवर बसली आणि विचारूं लागली: किती दिवस, गांठी पडतात का, रात्रीं उठावें लागतें का. मग तिनें आंतून नगरच्या बाईंचा पत्ता आणि एसटीचें भाडें आणून दिलें.