यवापासून मद्यापर्यंत : स्प्रिंगबँकची पारंपरिक भट्टी आणि आपली संधानकल्पना

"वैद्यराज, आसव-अरिष्टातही मद्य असतेच, मग आमच्या मद्यालाच दोष का देता?" असा प्रश्न रुग्णाकडून ऐकला नाही असा चिकित्सक विरळाच. प्रश्न मार्मिक आहे आणि त्याचे उत्तर रागावून नव्हे, तर निर्मितिप्रक्रिया समजावूनच द्यावे लागते. त्यासाठी आजही जुन्या पद्धतीने चालणाऱ्या एका छोट्या व्हिस्की-भट्टीचा परिचय उपयुक्त ठरेल.

स्कॉटलंडच्या पश्चिमेस किंटायर द्वीपकल्पावर कॅम्पबेलटाउन हे लहानसे बंदर आहे. एकेकाळी येथे तीसहून अधिक भट्ट्या होत्या. अमेरिकेतील दारूबंदी (१९२० ते १९३३), मंदी आणि मागणीच्या मागे धावताना घसरलेली गुणवत्ता यांमुळे त्या एकामागून एक बंद पडल्या. १८२८ साली स्थापन झालेली, मिचेल घराण्याशी निगडित असलेली स्प्रिंगबँक ही भट्टी मात्र टिकून राहिली. धान्य अंकुरित करण्यापासून बाटली भरण्यापर्यंतची सर्व कामे ती एकाच आवारात करते.

धान्याचे संस्करण

गुळात किंवा द्राक्षात शर्करा तयारच असते. म्हणून द्राक्षासवात संधान सुलभ होते. यवात मात्र पिष्ट असते आणि पिष्टाचे थेट मद्य होत नाही. त्यासाठी यव दोन-तीन दिवस पाण्यात भिजवून दगडी फरशीवर पसरतात. अंकुर फुटताना धान्यातच पिष्टाचे विघटन करणारी विकरे निर्माण होतात. थर तापू नये, मुळे एकमेकांत गुंतू नयेत म्हणून कामगार दिवसरात्र लाकडी फावड्याने धान्य उलथत राहतात. बहुतेक भट्ट्यांनी हे काम आता बाहेरच्या कारखान्यांवर सोपविले आहे.

यानंतर भट्टीतील उष्ण हवेने अंकुराची वाढ थांबवितात. काही काळ पीटचा, म्हणजे दलदलीत अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या थराचा, धूर दिला जातो. वाचकांना येथे संधानपात्राच्या धूपनाचे स्मरण होईल. परंतु आपले धूपन पात्रशुद्धीसाठी असते, तर येथील धूर गंध व रस यांसाठी असतो.

संधान

भरडलेले धान्य गरम पाण्यात मिसळले की विकरे पिष्टाचे शर्करेत रूपांतर करतात. गाळलेला गोड द्रव लार्च लाकडाच्या मोठ्या पिंपांत भरून त्यात किण्व घालतात. अनेक भट्ट्या दोन-तीन दिवसांत हे काम उरकतात. स्प्रिंगबँकमध्ये त्याला शंभर तासांच्या आसपासही वेळ दिला जातो. दीर्घ काळात दुग्धाम्ल निर्माण करणारे जिवाणूही काम करतात व फळांसारखा गंध येतो. या अवस्थेतील द्रवात मद्यांश अवघा पाच टक्क्यांच्या आसपास असतो.

आपल्या ग्रंथांत ही अवस्था सुपरिचित आहे. चरकाने चौऱ्याऐंशी आसवांत धान्यासवांचा स्वतंत्र वर्ग केला आहे. सौवीर व तुषोदक यवापासूनच होतात. शार्ङ्गधराने सुरेच्या थरांना प्रसन्ना, कादंबरी, जगल, मेदक अशी नावे दिली आहेत. आपली आसव-अरिष्टे या टप्प्यावर थांबतात. गूळ, मध, धातकीपुष्पे व प्रक्षेपद्रव्ये यांच्या संधानातून स्वतः उत्पन्न झालेला मद्यांश साधारणपणे ५ ते १० टक्के असतो आणि तो औषधिद्रव्यांचा वाहक व रक्षक म्हणून राहतो.

पातन

येथून मार्ग वेगळे होतात. व्हिस्कीसाठी द्रव तांब्याच्या पात्रांत उकळून वाफ थंड करतात. तांबे गंधकयुक्त दुर्गंधी द्रव्यांना धरून ठेवते. स्प्रिंगबँकमध्ये तीन पात्रे आहेत. पहिल्या पातनाचा काही भाग मधले पातन टाळून थेट शेवटच्या पात्रात जातो, म्हणून तेथे 'अडीच वेळा पातन' म्हणतात. प्रथम येणारा उग्र भाग व शेवटचा जड भाग वेगळा काढून मधलाच भाग ठेवतात. स्कॉटलंडच्या नियमानुसार तो किमान ३ वर्षे ओकच्या पिंपात मुरावा लागतो. दरवर्षी सुमारे दोन टक्के उडून जातो, त्यास तेथे 'देवदूतांचा वाटा' म्हणतात. शेवटी बाटलीत बहुधा ४६ टक्के मद्यांश राहतो.

पातन आपणांस अपरिचित नाही. भैषज्यरत्नावलीतील मृतसंजीवनी सुरेसाठी मयूरयंत्र सांगितले आहे. परंतु तो अपवाद आहे, नित्याचा नियम नव्हे.

चिकित्सकाने घ्यावयाचा बोध

आता रुग्णाला हिशेब सांगता येतो. आठ टक्के मद्यांशाचे अरिष्ट २० मि.ली. दोनदा घेतल्यास दिवसभरात ३.२ मि.ली. मद्य पोटात जाते. ४६ टक्क्यांच्या ६० मि.ली. व्हिस्कीतून एकदम २७.६ मि.ली. जाते. पहिले मात्राबद्ध, समभाग पाण्यासह, भोजनोत्तर, दुसरे भोगार्थ. पद्धत कितीही पारंपरिक असली तरी व्हिस्की औषध ठरत नाही. मद्यपानाची कोणतीही मात्रा निर्धोक म्हणता येत नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट केले आहे.

परंतु हाच हिशेब आपणांसही लागू आहे. अल्प असले तरी ते मद्यच. व्यसनमुक्तीसाठी डायसल्फिराम घेणाऱ्या रुग्णास अरिष्टातील मद्यांशानेही तीव्र प्रतिक्रिया येऊ शकते. मद्य सोडलेल्याची तृष्णा पुन्हा जागू शकते. यकृद्विकारी, गर्भिणी व बालक यांच्याबाबतही काळजी हवी. अशा वेळी क्वाथ, चूर्ण वा वटी निवडावी, आणि अरिष्ट लिहिण्यापूर्वी चालू औषधांची विचारणा अवश्य करावी.

दुसरा बोध निर्मितीचा. कॅम्पबेलटाउनच्या पडझडीत घाईचाही वाटा होता. संधानपात्रातील नाद शांत होईपर्यंत, प्रक्षेप तळाशी बसेपर्यंत, आत नेलेली ज्योत विझेनाशी होईपर्यंत थांबण्याचा संयम आपल्या रसशाळांनी सोडू नये. कालावधी हा संधानातील एक घटकच आहे. तो वगळला तर उरते ते केवळ गोड, रंगीत पाणी.