बीजाणूचा रंग कोणता?

बाजारातून आणलेल्या अळंबीच्या पाकिटात घट्ट मिटलेल्या बटणांच्या गर्दीत एखादी तरी छत्री उघडलेली निघते. स्वयंपाकाच्या दृष्टीने ती जरा जून झालेली. पण तिचा देठ कापून, पापुद्र्यांची बाजू खाली करून ती पांढऱ्या कागदावर ठेवली आणि वर वाटी पालथी घातली, तर सकाळी कागदावर तिचं चित्र उमटलेलं दिसतं. मध्यातून निघून कडेला पोचलेल्या नाजूक चॉकलेटी रेषा. ही शाई म्हणजे अळंबीचे बीजाणू. एकेक सात-आठ मायक्रॉनांचा, मिलिमीटरच्या शंभराव्या भागापेक्षाही लहान. सुटा असला तर दिसत नाही. लाखोंनी एके ठिकाणी पडला की त्याचा रंग कळतो.

बीजाणू ओळखण्याची सारी विद्या या रंगापासून सुरू होते. आज त्यासाठी लेसर आणि अवरक्त किरणं वापरतात. तरी यंत्राला विचारलेला प्रश्न जुनाच आहे: याचा रंग कोणता?

कागदावरून काचपट्टीवर

पिएर आंतोनिओ मिकेली या फ्लॉरेन्सच्या वनस्पतिशास्त्रज्ञाने १७२९ साली दाखवून दिलं की अळंबी चिखलातून आपोआप उपजत नाही. त्याने बीजाणू कापलेल्या फळांवर पेरून बुरशी उगवून दाखवली. पुढे स्वीडनच्या एलियास फ्रीस यांनी १८२१पासून प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात पापुद्र्यांच्या अळंब्यांची विभागणी करताना बीजाणूंच्या रंगाला मानाचं स्थान दिलं: पांढरे, गुलाबी, तपकिरी, काळपट.

ही विभागणी आजही जीव वाचवू शकते. भाताच्या पेंढ्यावर वाढवतात त्या अळंबीचा ठसा गुलाबीसर पडतो. तिच्यासारखीच बुडाशी पिशवी असलेल्या ‘डेथ कॅप’चा, म्हणजे अमानिटा फॅलॉइडिसचा ठसा पांढरा. आग्नेय आशियातून अमेरिकेत गेलेल्या लोकांनी ओळखीची समजून नेमकी ही दुसरी अळंबी शिजवल्याच्या घटना नोंदलेल्या आहेत. हिरवळीवर उगवणाऱ्या एका विषारी छत्रीचा ठसा तर चक्क हिरवट असतो.

पण रंगाची धाव लवकर संपते. दक्षिण युरोपात चवीने खाल्ली जाणारी ‘सीझरची अळंबी’ ही डेथ कॅपच्याच प्रजातीतली, आणि तिचाही ठसा पांढराच. इथे चेक कवकशास्त्रज्ञ मेल्झर यांचं १९२४चं आयोडीनयुक्त द्रावण कामी येतं. शाळेत बटाट्याच्या कापावर आयोडीन टाकलं की तो निळा-काळा पडतो; तसेच डेथ कॅपचे बीजाणू या द्रावणात निळसर-काळे होतात, सीझरच्या अळंबीचे होत नाहीत. डोळ्यांना दोन्ही पांढरे दिसले तरी त्यांच्या भिंती वेगळ्या होत्या. वर्णपटशास्त्र हा फरक द्रावणाशिवाय, थेट प्रकाशाने टिपू पाहतं.

तांबड्याच्या पलीकडे

विल्यम हर्शल यांनी १८०० साली लोलकातून निघालेल्या रंगपट्ट्यात तांबड्याच्या बाहेर तापमापक ठेवला आणि पारा चढला. डोळ्यांना न दिसणारा तो प्रकाश म्हणजे अवरक्त. रेणूंमधले बंध सतत थरथरत असतात, आणि ज्याची त्याची थरथर ठरलेली. तिच्याशी जुळणारी अवरक्त लहर बंध शोषून घेतो. बाकीच्या पुढे जातात. कुठल्या लहरी किती गळाल्या याचा आलेख म्हणजे वर्णपट.

चिमूटभर सुके बीजाणू यंत्रातल्या हिऱ्याच्या छोट्या स्फटिकावर दाबले की मिनिटभरात हा आलेख समोर येतो. त्याची मोजपट्टी तरंगसंख्येची, म्हणजे एका सेंटिमीटरात किती लहरी बसतात याची. १६५० आणि १५५०च्या आसपास प्रथिनं बोलतात, १७४०पाशी स्निग्ध पदार्थ, आणि १२०० ते ९०० या टापूत शर्करांच्या साखळ्यांची मोठी कुटुंबं. बीजाणूच्या भिंतीतलं ग्लुकन तिथेच सापडतं. तिथेच कायटिनही. कोळंबीच्या सालीतलं हे द्रव्य १८११ साली आंरी ब्राकोनो यांना प्रथम मिळालं ते मात्र अळंबीत. घटक सगळीकडे तेच. प्रमाण मात्र जातीगणिक बदलतं, आणि ओळख पटते ती या प्रमाणावरून.

सूक्ष्मजीव असे ओळखता येतात हे बर्लिनमध्ये डीटर नाउमान आणि सहकाऱ्यांनी जिवाणूंवर दाखवलं. त्यांचा ‘नेचर’मधला लेख १९९१चा. बीजाणूंनी मात्र एक पेच घातला. या यंत्रांत वापरतात त्या अवरक्त लहरींची लांबी अडीच ते पंचवीस मायक्रॉन, आणि बीजाणू पाच-दहा मायक्रॉनांचे. कण आणि लहर एका मापाचे झाले की प्रकाश नुसता शोषला जात नाही, कणाभोवती विखुरतो. गुस्टाफ मी यांनी १९०८ साली या विखुरण्याचं गणित मांडलं होतं. सूक्ष्मदर्शकाखाली एकेका बीजाणूचा वर्णपट घेताना त्यामुळे आलेखाचा तळ लाटेसारखा हेलकावतो आणि शिखरं जागची सरकतात. नॉर्वेतल्या ओस इथल्या विद्यापीठात आखिम कोलर यांच्या गटाने हा हेलकावा गणिताने वजा करण्याच्या रीती विकसित केल्या. पराग आणि बीजाणूंच्या कामाला त्यांचा मोठा आधार आहे.

एक कोटीत एक

दुसरी वाट कोलकात्यातून जाते. २८ फेब्रुवारी १९२८ रोजी चंद्रशेखर वेंकट रामन यांना सहकारी कृष्णन यांच्यासोबतच्या प्रयोगांत आढळलं की पदार्थावरून विखुरलेल्या प्रकाशाचा अगदी थोडा भाग आपला रंग बदलून येतो. साधारण कोटीभर प्रकाशकणांमागे एखादाच. पण तो एकटा रेणूच्या थरथरीची खबर घेऊन येतो.

बीजाणूंसाठी या पद्धतीचे दोन फायदे. लेसरचा ठिपका मायक्रॉनभर करता येतो, म्हणून एकच बीजाणू तपासता येतो. आणि अवरक्ताच्या वाटेत आडवं येणारं पाणी इथे जवळजवळ गप्प बसतं. बेल्जियममधल्या गेंट विद्यापीठात क्रिस द गुसेम आणि सहकाऱ्यांनी २००५ साली दुधी चीक गाळणाऱ्या लॅक्टेरियस या प्रजातीच्या बीजाणूंचे रामन वर्णपट मांडले. २००७ साली त्यांनी इतर प्रजाती घेऊन ओळख पटवण्याची शक्यता तपासली. अडचण काळ्या-तपकिरी बीजाणूंची. त्यांतली रंगद्रव्यं लेसर पडताच स्वतः चमकू लागतात आणि त्या झगमगाटात रामनची कुजबुज बुडते. लेसरचा जोर वाढवावा तर बीजाणू करपतो. म्हणून ७८५ नॅनोमीटरचा, तांबड्याच्या काठावरचा लेसर बेताने वापरतात.

हवेतले अनोळखी

हे सगळं कशासाठी? वर्षाला सुमारे ५ कोटी टन बीजाणू कवकं हवेत सोडतात, असा २००७चा एक अंदाज आहे. त्यांतले काही श्वासात जातात. धिंगरी अळंबी बंद खोलीत पिकवणाऱ्यांना काढणीच्या दिवसांत खोकला-दमा जडतो तो याच धुळीने.

हवेतले बीजाणू पकडण्याचं हर्स्ट यांचं यंत्र इंग्लंडमध्ये १९५२ साली आलं. आपल्याकडे तेव्हाच्या औरंगाबादेत, मराठवाडा विद्यापीठात, प्रा. एस. टी. टिळक यांनी आठ दिवस सलग चालणारं यंत्र घडवलं. ते ‘टिळक एअर सॅम्पलर’ म्हणूनच ओळखलं जातं. चिकट पट्टीवर बसलेले कण सूक्ष्मदर्शकाखाली मोजताना अळंबीचे बीजाणू मात्र बहुधा एकाच रकान्यात जातात: बॅसिडिओस्पोर. गोल, गुळगुळीत, फिकट. कोण कोणाचा हे कोण सांगणार? वर्णपटाची खरी गरज या रकान्यात आहे. वाहत्या हवेतल्या एकेका कणावर अतिनील झोत टाकून त्याची चमक मोजणारी यंत्रं आता आहेत, पण ती फार तर गट सांगतात.

डीएनए नाव सांगू शकतो. कवकांसाठी त्याचा प्रमाण तुकडा २०१२ साली ठरला. त्यासाठी बीजाणू फोडावा लागतो, रसायनं लागतात, वेळ जातो. वर्णपटाला यातलं काही लागत नाही. मात्र त्याला स्वतःहून नाव सुचत नाही; तो फक्त संग्रहातल्या वर्णपटांशी तुलना करतो. संग्रहात एका जातीचे सगळे नमुने एकाच रानातले, एकाच पावसाचे असले, तर संगणक जात शिकण्याऐवजी ते रान शिकतो. वय आणि ओलही वर्णपटात उतरतात. अळंबी खाण्याजोगी आहे की नाही हे ठरवण्यासाठी तर यावर मुळीच विसंबू नये.

म्हणजे संग्रह हवा, आणि त्यात प्रत्येक ठशामागे माणसाने खात्रीने लावलेलं नाव हवं. गोव्यात पावसाळ्यात वारुळांवर येणारी रोण ओळमी घ्या. तिचा ठसा गुलाबीसर. पानांच्या पुड्यांतून ती विकायला येते तेव्हा तीत न उमललेल्या कळ्याही असतात, आणि त्या चवीला अधिक चांगल्या असं खवय्ये सांगतात. पण मिटलेल्या टोपीखालून एकही बीजाणू पडत नाही. वाटी रात्रभर पालथी ठेवा. सकाळी कागद कोराच असतो.