अंड्याचा बलक माशांच्या पिल्लांना वाढवत नाही

दोह्यात चार मराठी घरं एकत्र आली आणि त्यातल्या एका घरी फिशटँक असला, की विषय निघतोच. फायटरने नाहीतर गोल्डफिशने अंडी घातलेली असतात, पिल्लं बाहेर आलेली असतात आणि आता त्यांना खायला काय द्यायचं, हा प्रश्न असतो. उत्तर कुणीतरी छातीठोकपणे देतो, "उकडलेल्या अंड्याचा बलक कुस्करून घाला, मस्त वाढतात." आठवड्याने चौकशी करावी, तर टँकमध्ये एकही पिल्लू उरलेलं नसतं. मग दोष कतारच्या पाण्याला जातो, उन्हाळ्याला जातो, मासे विकणाऱ्या दुकानदाराला जातो. बलकावर कुणी संशय घेत नाही. हा सल्ला आपण पुण्या-मुंबईहून सामानासोबत इथे आणला आणि नव्या येणाऱ्या प्रत्येकाला तो तसाच देत आहोत. त्यापायी शेकड्याने पिल्लं मरतात, म्हणून जरा सविस्तर सांगायला हवं.

नुकत्याच बाहेर आलेल्या पिल्लाला मुळात भूक नसते. भिंग घेऊन त्याच्या पोटाखाली पाहा. तिथे एक फुगीर, पिवळसर पिशवी दिसेल. ती बलकाचीच पिशवी. आईने बांधून दिलेली शिदोरी घेऊनच पिल्लू अंड्याबाहेर येतं आणि ती संपत येईपर्यंत त्याला बाहेरचा कणही लागत नाही. अनेक जातींत तर तेव्हा तोंडही पुरतं उघडलेलं नसतं. फायटरची पिल्लं एक-दोन दिवसांत अंड्यातून निघतात आणि पुढचे दोन-तीन दिवस बुडबुड्यांच्या घरट्याखाली शेपटी खाली करून लोंबत राहतात. एखादं खाली पडलं, तर बाप त्याला तोंडात धरून पुन्हा वर नेऊन ठेवतो. एंजलची पिल्लं पानाला चिकटून चार-पाच दिवस नुसती वळवळत असतात.

झेब्रा माशाचं वेळापत्रक तर तासांच्या हिशेबाने ठाऊक आहे. गंगेच्या खोऱ्यातल्या ओढ्या-शेतांतला हा बोटाच्या पेराएवढा मासा आज जगभरच्या प्रयोगशाळांत वाढवला जातो. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत त्यावर काम चालतं, तसंच इथे कतार विद्यापीठाच्या जैववैद्यकीय संशोधन केंद्रातही चालतं. पाणी २८.५ अंशांवर असेल, तर त्याची पिल्लं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अंड्याबाहेर येतात आणि पहिला घास पाचव्या दिवसाच्या सुमारास दिला जातो. मधल्या दिवसांत टँकमध्ये टाकलेलं अन्न फक्त कुजतं. पिल्लं आडवी होऊन स्वतःहून पोहू लागली की खाऊ घालायची वेळ झाली. त्याआधी हात आवरा.

गप्पी, मॉली, प्लॅटी यांचं वेगळं आहे. त्यांची पिल्लं आईच्या पोटातून पोहतच बाहेर येतात, त्यांचं तोंड मोठं असतं आणि ती त्याच दिवशी खायला लागतात. बारीक चुरलेलं कोरडं खाद्यही त्यांना चालतं. माझ्या मते बलकाची ख्याती गप्पीमुळेच झाली आहे. "गप्पी मासे पाळा, हिवताप टाळा" ही पाटी वाचत मोठी झालेली आपली पिढी मासे पाळायला शिकली ती गप्पीवर. गप्पीची पिल्लं बलक घालूनही जगतात, न घालताही जगतात. तोच अनुभव फायटरला, एंजलला, गोल्डफिशला लावला जातो आणि तिथे सगळं बिनसतं.

आता पोहू लागलेल्या पिल्लासमोर बलक आला की काय होतं, ते पाहू. फडक्यातून गाळलेला बलक पाण्यात सोडला की पिवळसर ढग पसरतो, विरतो आणि हळूहळू तळाशी बसतो. या वयाची बहुतेक पिल्लं डोळ्यांनी शिकार करतात; समोर काही हललं की त्यावर झेपावतात. बलकाचा कण हलत नाही. काही पिल्लं तो गिळतात, पण बऱ्याच जातींत या वयात जठरही तयार झालेलं नसतं, त्यामुळे गिळलेलं सगळं पचतं असंही नाही. बाकीचा बलक पाण्यातच राहतो.

त्या बलकात पाव हिस्स्याहून थोडी जास्त चरबी असते. तिचा तवंग पाण्यावर धरतो आणि हा तवंग फार घातक आहे. पोहू लागण्याच्या सुमारास बऱ्याच जातींची पिल्लं पृष्ठभागावर येऊन हवेचा घोट घेतात. त्या हवेने त्यांचा वाताशय पहिल्यांदा फुगतो आणि पिल्लाला पाण्यात तरंगत राहता येतं. वर तेलकट पापुद्रा असेल, तर इवल्याशा पिल्लाला तो भेदता येत नाही. वाताशय वेळेत फुगला नाही, तर बऱ्याचदा तो नंतर फुगतच नाही. समुद्री माशांच्या हॅचऱ्यांत यासाठी पृष्ठभागावरचं तेल सतत ओढून काढणारं साधन बसवतात. तळाशी पोट घासत, उसळ्या मारत पुढे सरकणारी पिल्लं तुम्ही पाहिली असतील. लोक त्यांना "जन्मतःच अधू" म्हणतात. त्यातली कित्येक जन्मतः धडधाकट होती.

राहिला अमोनिया. इथे आकडे मांडूनच बोलू. भिजलेल्या हरभऱ्याएवढा बलक घेतला, धरून चालू १ ग्रॅम. त्यात सुमारे १६ टक्के प्रथिनं, आणि प्रथिनांत सुमारे १६ टक्के नायट्रोजन. म्हणजे जवळपास २६ मिलिग्रॅम नायट्रोजन. पिल्लांसाठी मांडलेल्या १० लिटरच्या टँकमध्ये हा बलक न खाता कुजला, तर दर लिटरला २.६ मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजन तयार होऊ शकतो. नवीन मांडलेल्या टँकच्या फिल्टरमध्ये अमोनिया पचवणारे जिवाणू अजून जमलेले नसतात, त्यामुळे तो तिथेच साचतो. त्यातला किती भाग विषारी रूपात असेल, हे पाण्याचा पीएच आणि तापमान ठरवतं. पाणी २८ अंशांवर आणि पीएच ७ असेल, तर १ टक्क्याहूनही कमी. तेच पीएच ८ असेल, तर साडेसहा टक्के. युरोपच्या अंतर्देशीय मत्स्यव्यवसाय सल्लागार आयोगाने १९७० मध्ये विषारी अमोनियाची सुरक्षित मर्यादा दर लिटरला ०.०२५ मिलिग्रॅम धरली. आपल्या हरभऱ्याएवढ्या बलकाचा हिशेब पीएच ८ ला त्या मर्यादेच्या सहापटीहून वर जातो. आणि लोक दिवसातून दोनदा बलक घालतात!

"पण हॅचरीत तर बलकच घालतात," असं यावर मला सांगितलं जातं. खरं आहे, आशियातल्या कार्प हॅचऱ्यांत पहिले एक-दोन दिवस बलक वापरतात. तिथे पाणी सतत वाहतं असतं, टाक्या हजारो लिटरच्या असतात आणि लगेचच पिल्लं संगोपन तळ्यात सोडली जातात. त्या तळ्यात आधीच खत घालून सूक्ष्म प्राणी वाढवून ठेवलेले असतात आणि पिल्लं खरी वाढतात ती त्यांच्यावर. दोह्यातल्या अल सादच्या फ्लॅटमधल्या काचेच्या पेटीत यातलं काहीच नसतं.

मग द्यायचं काय? पिल्लाच्या तोंडात मावेल असं, हलणारं, आणि खाईपर्यंत पाण्यात जिवंत राहणारं. अगदी लहान तोंडाच्या पिल्लांना, म्हणजे फायटर आणि झेब्राच्या, पहिले काही दिवस इन्फ्युसोरिया (पाण्यातले सूक्ष्म जीव) किंवा व्हिनेगर ईल (व्हिनेगरमध्ये वाढणारे बारीक कृमी) द्यावेत. इन्फ्युसोरियासाठी जुन्या टँकचं पाणी बरणीत घेऊन त्यात कोबीचं वाळलेलं पान टाकायचं. पाणी आधी गढूळ होतं, वास मारतं, मग काही दिवसांत निवळतं. निवळल्यावर बरणी उजेडासमोर धरली की धुळीसारखे ठिपके इकडून तिकडे धावताना दिसतात. ते पिल्लांचं अन्न. दोह्यात ही बरणी नोव्हेंबर ते मार्च बाल्कनीत ठेवा, उन्हाळ्यात घरातच खिडकीपाशी. जुलैच्या उन्हात बरणीतलं सगळं शिजून निघतं.

एंजल आणि गोल्डफिशच्या पिल्लांना पहिल्या घासापासून आर्टेमिया, म्हणजे खाऱ्या पाण्यातला कोळंबीसारखा इवला जीव, चालतो. त्याची कोरडी अंडी डब्यातून मिळतात. अन्न व कृषी संघटनेने १९९६ मध्ये सजीव खाद्यावर एक पुस्तिका काढली. लाव्हेन्स आणि सोर्जेलूस या दोघांनी ती संपादित केली असून हॅचरीवाले आजही तीच उघडतात. तिच्यातली मापं घरीही तशीच लागू पडतात: २५ ते २८ अंश तापमान, लिटरला १५ ते ३५ ग्रॅम मीठ, भरपूर हवा, भरपूर उजेड आणि लिटरला २ ग्रॅमहून जास्त अंडी नाहीत. सोड्याची मोठी बाटली तळ कापून उलटी टांगायची, तोंडाशी एअर पंपाची नळी सोडायची. इथे खोलीत एसी २२ वर असतो आणि अंडी फुटायला दीड दिवस लागतो; बाटलीजवळ दिवा लावला की ऊबही मिळते, उजेडही. दुसऱ्या दिवशी हवा बंद करून दहा मिनिटं थांबा. टरफलं वर येतात, न फुटलेली अंडी तळाशी बसतात आणि मध्ये आर्टेमियाच्या पिल्लांची नारिंगी धुरासारखी हालचाल दिसते. उजेड एका बाजूने दिला की ती सगळी तिकडे गोळा होतात. नळीने ती ओढून दाट विणीच्या फडक्यावर गाळा, गोड्या पाण्याने धुवा आणि लगेच द्या. अंड्यातून निघालेला आर्टेमिया सुरुवातीला काही खात नाही, अंगातलाच साठा जाळतो, म्हणून शिळा झाला की त्याचा कस उतरतो. पंधरा मिनिटांनी पिल्लांकडे पाहा. ज्याचं पोट नारिंगी झालं ते जेवलं. उरलेली कोणती, हेही लगेच दिसतं. बलक घातल्यावर यातलं काहीच कळत नाही.

दुसरा गैरसमज खास कतारचा: "इथलं नळाचं पाणी समुद्राचं शुद्ध केलेलं, ते थेट घातलं तरी चालतं." घराघरांत 'कहरमा' या वीज-पाणी महामंडळामार्फत येणारं पाणी जवळजवळ सगळं रास अबू फोंतास, रास लफ्फान, उम्म अल हूल इथल्या प्रकल्पांतून येतं, हे खरं. पण क्षार काढून टाकल्यावर ते पाइप खाऊ नये म्हणून त्यात पुन्हा खनिजं घालतात आणि जंतू वाढू नयेत म्हणून क्लोरीनही. पिल्लांच्या नाजूक कल्ल्यांना तेवढं क्लोरीन पुरेसं घातक आहे, तेव्हा कंडिशनर घालायलाच हवा. खनिजांमुळे हे पाणी किंचित अल्कधर्मी असतं, म्हणजे वरचा अमोनियाचा हिशेब इथे बिघडतो तो वाईट बाजूलाच. उन्हाळ्यात गच्चीवरच्या टाकीतलं पाणी इतकं तापतं, की थंड नळालाही हात लावणं कठीण. गिझर बंद ठेवून त्यात निवलेलं पाणी वापरायची इथली सवय टँकसाठीही उपयोगी आहे. तापमान मात्र थर्मामीटरनेच जुळवा, हाताच्या अंदाजाने नको.

बाकीचे गैरसमज थोडक्यात.

"पाणी बदललं की पिल्लं मरतात." एकदम अर्धं आणि गार पाणी ओतलं तर मरतात. रोज थोडं, त्याच तापमानाचं बदललं तर त्यामुळेच जगतात.

"बाटलीबंद किंवा आरओचं पाणी जास्त चांगलं." त्यात खनिजं फार कमी असतात, गप्पी-मॉलीला तर ती हवीच.

"आई आपली पिल्लं खात नाही." गप्पी खाते. भरपूर मॉस टाका किंवा आई वेगळी करा. फायटरची मादी अंडी घालून झाल्यावर लगेच काढा, नर पिल्लं पोहू लागल्यावर.

"आर्टेमियासाठी कॉर्निशवरून समुद्राचं पाणी आणा." आखाताचं पाणी खुल्या महासागराहून खारं आहे, लिटरला ४० ग्रॅमच्या आसपास. गोडं पाणी मिसळल्याशिवाय वापरू नका.

"दिवसातून एकदा खाणं पुरे." मोठ्या माशाला पुरे. पिल्लांना थोडं थोडं, तीन-चार वेळा.

"मासा टँकएवढाच वाढतो." लहान टँकमध्ये तो खुरटतो, आजारी पडतो आणि लवकर मरतो.

"मोठा फिल्टर लावला की पाणी स्वच्छ राहतं." मोठा फिल्टर पिल्लंच ओढून घेतो. स्पंज फिल्टर लावा, आणि तो मोठ्या टँकमध्ये आधी महिनाभर चालवून मगच पिल्लांकडे आणा, म्हणजे जिवाणू तयार असतात.

"जास्त झालेली पिल्लं पार्कच्या तळ्यात सोडून द्या." मुळीच नको. गप्पी आणि मॉली निमखाऱ्या पाण्यातही तग धरतात आणि एकदा पसरल्या की आवरत नाहीत. ओळखीच्या घरी द्या, नाहीतर दुकानात विचारा. निरोगी पिल्लं दुकानदार बहुतेक वेळा ठेवून घेतात.